पियानोवाल्याचं खोटं

माझे वडील, बाल्दोमेरो सिंत्रोन, पियानो सुरात लावून द्यायचे. पोर्तो रिकोतल्या सांतुर्सेत हा धंदा मरत नाही. समुद्राची खारी हवा तारा खाते, वाळवी लाकूड खाते आणि यातून जे वाचतं ते दमट हवेनं फुगतं. चर्चचे, शाळांचे, हॉटेलांचे, नाचगाण्याच्या बँडवाल्यांचे, सगळे पियानो त्यांच्या हाताखालून जायचे. आमच्या घरी मात्र पियानो नव्हता. बाबांना एक गाणं धड वाजवता येत नव्हतं. एक सूर दाबायचा, कान तिरका करायचा, खुंटी केसभर फिरवायची आणि पुन्हा तोच सूर. दिवसभर एवढंच.

पियानोच्या पोटात डोकं खुपसून बसलेल्या माणसासमोर लोक काहीही बोलतात. कोणाचं कोणाशी फाटलंय, कोणाची बायको माहेरी गेलीय, सगळं बाबांच्या कानावर यायचं. पण इकडचा शब्द तिकडे त्यांनी कधी केला नाही. लोक त्यांना घरात घेत ते त्यांच्या कानापेक्षा त्यांच्या बंद तोंडामुळे. निदान १९७३ पर्यंत तरी तसं होतं.

त्या वेळी आमच्या भागात दोन मोठी माणसं होती. एक क्रिस्पीन आरोयो, टिंबालेस, म्हणजे काठ्यांनी वाजवायचे जोडढोल, वाजवणारा. तो दोन काठ्या घेऊन उभा राहिला की समोरच्या तीनशे माणसांचे पाय त्याच्या मालकीचे होत. दुसरा उलिसेस व्हेर्देहो, पियानोवाला. न्यूयॉर्कमध्ये आठ वर्षं जॅझवाल्यांत राहून आला होता आणि डाव्या हातानं आपली नाचाची लय धरून उजव्या हातानं भलतीकडेच निघून जायचा, तरी वेळेवर परत यायचा. दोघं एकाच चाळवजा अंगणात दाराला दार लावून वाढलेले. उलिसेसची आई तो सहा वर्षांचा असताना शिवणकामाला न्यूयॉर्कला गेली ती परत आलीच नाही. त्याला जेवू घातलं क्रिस्पीनच्या आईनं, फेर्मिनानं. खारा मासा नि उकडलेली हिरवी केळी, दोन ताटल्या, दोघांना सारखं.

फेर्मिना १९६४ साली गेली. त्या संध्याकाळी उलिसेस कोंदादोतल्या एका हॉटेलात वाजवत होता. क्रिस्पीननं निरोप धाडला. उलिसेसनं पूर्ण कार्यक्रम वाजवला आणि सकाळच्या विमानानं न्यूयॉर्क गाठलं. मातीलासुद्धा आला नाही. क्रिस्पीन रेडिओवर बोलला, "त्याला बोटं दहा आहेत, काळीज एकही नाही." त्यानंतर नऊ वर्षं दोघं बोलले नाहीत. उलिसेस परत आला, तीन रस्ते सोडून राहू लागला, तरीही नाही.

दोघांचे पियानो बाबाच लावायचे. क्रिस्पीनच्या घरी बँडच्या तालमीसाठी एक जुना उभा पियानो होता, उलिसेसकडे लांबडा काळा. बाबा मंगळवारी एकाकडे, गुरुवारी दुसऱ्याकडे. आणि त्यांच्या मनात बसलं होतं की या दोघांनी एकत्र वाजवलं तर असं काही होईल जे पोर्तो रिकोत कोणी ऐकलेलं नाही. तेवढ्यात शहरातल्या एका रेकॉर्ड कंपनीचा माणूस त्यांना म्हणाला, "बाल्दो, त्या दोघांना एका खोलीत आणून दाखव. मग स्टुडिओचे पियानो कायमचे तुझे." हा तपशील बाबांनी मला फार उशिरा सांगितला. आधी ते फक्त संगीताबद्दल बोलायचे.

एका मंगळवारी क्रिस्पीनच्या घरी बाबा तारा पुसत होते. क्रिस्पीन खुर्चीत बसून गुडघ्यावर काठ्या वाजवत म्हणाला, "काय रे, त्या शहाण्याची बोटं चालतात का अजून, की न्यूयॉर्कच्या थंडीत गळून पडली?"

"चालतात, मास्तर."

"चालणारच. कोणाच्या मरणानं थांबली नाहीत, थंडीनं कसली थांबतायत."

आणि बाबा बोलून गेले. पियानोच्या पोटातूनच बोलले, तोंड वर न काढता. "मास्तर, त्यांना निरोप मिळालाच नव्हता. न्यूयॉर्कला उतरल्यावर कळलं. आणि परत आल्यापासून दर महिन्याला ते फेर्मिनाबाईंच्या कबरीवर फुलं नेतात. कोणाला सांगू नको म्हणाले होते."

काठ्या थांबल्या. बाबा सांगायचे, तेवढ्या वेळात त्यांना वाटलं, आता हा उठून मला मारणार. क्रिस्पीन उठला, पण खिडकीकडे गेला. "तरीच," म्हणाला. "मी मृतांच्या दिवशी गेलो होतो, वर्षातून एकदाच जातो. तिथं वाळकी फुलं होती. मी म्हटलं, कोणी चुकून ठेवली असतील." मग पाठ न वळवता, "नऊ वर्षं मी त्याला शिव्या देतोय, बाल्दो."

बाबांना तिथं ते मागे घेता आलं असतं. फुलांचं त्यांना काहीच माहीत नव्हतं. कोणीतरी खरंच फुलं ठेवली होती, ती आयती त्यांच्या खोट्याला येऊन मिळाली. त्यांनी पुढची खुंटी फिरवली.

गुरुवारी उलिसेसला त्यांनी दुसरं खोटं सांगितलं, ते तुलनेनं लहान. "क्रिस्पीन म्हणत होते, रेडिओवर बोललो ते चुकलं. मनात नव्हतं तसं."

उलिसेस पियानोपाशी आला. "क्रिस्पीन असं म्हणाला? स्वतःच्या तोंडानं?"

"हो, मास्तर."

"मग तो म्हातारा झाला," उलिसेस म्हणाला आणि रडायला लागला.

त्या वर्षी सप्टेंबरात रेकॉर्ड झाली. तीन दुपारी लागल्या. मी तेव्हा वीस वर्षांची, कापडाच्या दुकानात कामाला होते. जेवणाच्या सुट्टीत बाबांचा डबा घेऊन स्टुडिओत जायची. पहिल्या दिवशी दोघं समोरासमोर आले तेव्हा खोलीत चौदा माणसं होती आणि सगळी जमिनीकडे बघत होती. क्रिस्पीन म्हणाला, "जाडा झालास." उलिसेस म्हणाला, "तू टकला." बस. आईचं नाव नाही, फुलांचं नाही, रेडिओचं नाही. आमच्याकडचे पुरुष असेच. क्रिस्पीननं काठीनं चार मोजले.

संगीताचं मला काही सांगता येत नाही. एवढंच सांगते, दुसऱ्या गाण्याच्या मध्यात उलिसेसनं डावा हात थांबवला, एकदम मोकळी जागा सोडली, आणि क्रिस्पीननं त्या जागेत काठी मारलीच नाही. तोही थांबला. दोघं एकाच वेळी थांबले, एकाच वेळी परत आले, कोणी कोणाकडे न बघता. ट्रॉम्बोनवाला म्हातारा वाजवायचं विसरला. ते गाणं तसंच ठेवलं, ट्रॉम्बोनशिवाय. मी डबा हातात धरून दाराशी उभी होते आणि बाबा कोपऱ्यात सूर जुळवायचा नादकाटा मुठीत आवळून रडत होते. तेव्हा मला वाटलं, आनंदानं.

रेकॉर्डचं नाव ठेवलं 'दाराला दार'. पुढच्या जानेवारीत निघाली आणि दुसऱ्या आठवड्यात आमच्या भागात एकही खिडकी तिच्याशिवाय उरली नाही. लोक बाबांना रस्त्यात थांबवायचे. "बाल्दो, तूच जुळवलंस ना?" फुकट कॉफी, फुकट मासळीची भजी. बाबा म्हणायचे, "मी फक्त तारा ताणल्या." लोकांना तो विनय वाटायचा.

रेकॉर्ड निघाल्यावर चौथ्या दिवशी उलिसेस आमच्या दारात आला. हातात रेकॉर्डचं पाकीट होतं. मागच्या बाजूला, वादकांच्या नावांच्या खाली, क्रिस्पीननं स्वतःच्या खर्चानं दोन ओळी छापून घेतल्या होत्या: 'उलिसेसला. त्यानं माझ्याआधी आणि माझ्यापेक्षा जास्त वेळा माझ्या आईला फुलं नेली.'

उलिसेसनं ती ओळ बोटानं दाखवली. "बाल्दोमेरो, हे काय आहे?"

बाबांनी सगळं सांगितलं. मी आतल्या खोलीत होते, मला पहिल्यांदा तेव्हाच कळलं. उलिसेस ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मला निरोप मिळाला होता," तो म्हणाला. "दोन गाण्यांच्या मध्ये वेटरनं चिठ्ठी दिली. मी ती खिशात घातली आणि वाजवलं. मला तिला तसं बघायचं नव्हतं. मी पळालो. एवढं एकच मला क्रिस्पीनला सांगायचं होतं. नऊ वर्षं सांगायचं होतं. आता कसं सांगू? आता मी पळपुटा नाही, छापील संत आहे."

"मी जाऊन सांगतो त्यांना, मास्तर. आजच."

"नको." उलिसेस खाली बसला. "आता नको. बघितलंस ना तो कसा वाजवतो?" मग फार हळू, "कबर कुठं आहे ते तरी दाखव."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं व्हिया पाल्मेरासच्या दफनभूमीत गेले. उन्हानं संगमरवर तापलेला. कबर बाबांनाही सापडेना. रखवालदाराला नाव सांगून विचारलं, त्यानं वैतागून तिसऱ्या ओळीत नेलं. तिथं आठवडाभराची वाळलेली फुलं होती. उलिसेसनं आणलेली फुलं त्यांच्या शेजारी ठेवली, मग उचलली, मग पुन्हा ठेवली. बाबांना म्हणाला, "तू तिकडे जाऊन उभा राहा."

त्यानंतर तो दर महिन्याला जायला लागला. बाबांना वाटलं, चला, खोटं होतं ते खरं तरी झालं. मला नाही तसं वाटलं. मी त्या वयात होते, जेव्हा माणसाला खरं आणि खोटं दोनच रंग दिसतात.

तीन वर्षं अशीच गेली. दोघं एकत्र वाजवत. दुसऱ्या रेकॉर्डची गाणी लिहून झाली, स्टुडिओचे दिवस ठरले. स्टुडिओचे पियानो बाबांकडे आले होते, कबूल केल्याप्रमाणे. पण बाबांचं जेवण सुटत चाललं होतं. क्रिस्पीनच्या घरून आले की ताट पुढे सारायचे. क्रिस्पीन त्यांना म्हणायचा, "बाल्दो, तू नसतास तर मी याला शिव्या देत मेलो असतो." हे वाक्य ते मला घरी येऊन जसंच्या तसं सांगायचे, चटका बसलेलं बोट दाखवावं तसं.

मग १९७७ साली क्रिस्पीनला नात झाली. तिचं नाव फेर्मिना ठेवायचं ठरलं आणि धर्मपिता म्हणून क्रिस्पीननं उलिसेसचं नाव पुढे केलं. "माझ्या आईची आठवण ज्यानं ठेवली, त्यानंच हिला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरायचं," असं सगळ्या गल्लीला सांगितलं. उलिसेस हो म्हणाला. नाही कसा म्हणणार?

मी बाबांना त्या दिवशी सोडलं नाही. "बाबा, पाद्र्यासमोर? देवळात? एका तान्ह्या पोरीच्या डोक्यावर हे खोटं ठेवणार तुम्ही?"

"उलिसेस म्हणाला, सांगू नको."

"उलिसेसकाका घाबरतात. तुम्हीपण घाबरता. स्टुडिओ जाईल म्हणून घाबरता का?"

हे बोलायला नको होतं. बाबांचा चेहरा उतरला. त्यांनी टोपी घेतली. मी म्हटलं, मीही येते. मला वाटत होतं मी त्यांना आधार द्यायला चाललेय.

रविवार होता. क्रिस्पीनकडे जेवणं आटोपली होती; हिरव्या तुरीच्या भाताचा वास घरभर होता. बाबा उभ्यानंच बोलले. चार वाक्यांत संपवलं. निरोप मिळाला होता, चिठ्ठी खिशात घालून ते वाजवत राहिले. फुलं नव्हती. मी रचलं. मास्तर, मला माफ करा.

क्रिस्पीननं दात कोरायची काडी तोंडातून काढली. "कोणाकोणाला माहीत आहे?"

"उलिसेसना. आणि या माझ्या पोरीला."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी ताठ उभी होते, आठवलं की अजून लाज वाटते. मग तो म्हणाला, "थांब. मग ती वाळकी फुलं कोणाची होती?"

"माझी."

त्याची बायको आउरेआ स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. "माझी होती. दर महिन्याला. अजूनही नेते. सासूबाईंना माझ्या हातची कॉफी कधी आवडली नाही, म्हटलं फुलं तरी आवडतील."

"आणि रेकॉर्डवर मी जे छापलं, ते वाचलं होतंस?"

"वाचता येतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू मला कधी विचारलंस, क्रिस्पीन? आणि तुम्ही दोघं वाजवत होतात. नऊ वर्षांनी या घरात कोणीतरी शीळ घालत होतं. मी कशाला बोलू?"

क्रिस्पीन खूप वेळ टेबलावरचे भाताचे दाणे बोटानं गोळा करत राहिला. "म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि न कळलेल्या एकट्यानं ते छापून गावाला वाटलं." तो बाबांवर ओरडला नाही. "ऊठ बाल्दो," म्हणाला, खरं तर बाबा उभेच होते. "जा. या घरातला पियानो बेसूर राहिला तरी चालेल आता."

त्याच संध्याकाळी त्यानं उलिसेसला फोन केला. आउरेआकाकूनं नंतर सांगितलं, एकच वाक्य बोलला: "चिठ्ठी खिशात घालून कुठलं गाणं वाजवलंस?" मग फोन ठेवून दिला.

बारशाला धर्मपिता म्हणून क्रिस्पीनचा मेव्हणा उभा राहिला. दुसरी रेकॉर्ड झाली नाही. लिहिलेली गाणी कोणाच्या कपाटात गेली, मला माहीत नाही. पहिल्या रेकॉर्डची नवी पाकिटं आली तेव्हा मागच्या त्या दोन ओळींच्या जागी नुसती पांढरी पट्टी होती. स्टुडिओचं काम बाबांनी स्वतःहून सोडलं.

काही दिवसांनी उलिसेस माझ्या दुकानात आला. मी एका बाईला पडद्याचं कापड मोजून देत होते. ती जाईपर्यंत तो कापडाच्या ताग्यावरून हात फिरवत थांबला.

"नेरेइदा," तो म्हणाला, "मी त्याला सांगणार होतो. बारशाच्या दिवशी, देवळाच्या पायरीवर, आत जायच्या आधी. शब्द जुळवून ठेवले होते. तीन वर्षं लागली मला तेवढे शब्द जुळवायला. मी सांगितलं असतं तर कदाचित त्यानं मला मारलं असतं, पण ते माझ्या तोंडून ऐकलं असतं. तुझ्या वडिलांनी माझ्या बाजूनं खोटंही सांगितलं आणि खरंही. मला काही ठेवलंच नाही."

मी त्याला सांगितलं नाही की बाबांना ढकलणारी मी होते. आजतागायत त्याला सांगितलेलं नाही. त्यानं दोन वार पांढरं कापड घेतलं, कशाला ते देव जाणे, आणि गेला.

सात वर्षं बाबांनी क्रिस्पीनच्या घराचा रस्ता टाळला. बाजारात जायलासुद्धा वळसा घालायचे. १९८४ साली आउरेआकाकूचा फोन आला. "भाऊजी, दुसऱ्या माणसानं तीन तारा तोडल्या. या." बाबा गेले. बाहेरच्या खोलीत पियानो, आतल्या खोलीत क्रिस्पीन. त्याची किडनी गेली होती, फारसा उठत नसे. दरवाजा उघडा. बाबा दोन तास काम करत राहिले, आतून हूं नाही की चूं नाही. हत्यारं आवरायला घेतली तेव्हा आवाज आला, "वरच्या फाचा सूर अजून उतरलेला आहे."

बाबांनी वाजवून पाहिला. खरंच होता. त्यांनी खुंटी फिरवली. "आता?"

"आता ठीक."

पुढची दोन वर्षं ते महिन्याला एकदा जात राहिले आणि दोघं फक्त पियानोबद्दल बोलले. एवढंच दिलं क्रिस्पीननं, आणि बाबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. १९८६च्या मार्चमध्ये क्रिस्पीन गेला. उलिसेस सकाळपासून काळ्या कोटात फाटकापाशी उभा होता, आत येत नव्हता. आउरेआकाकू बाहेर गेली, त्याच्या कोपराला धरून आणलं आणि शवपेटीची एक कडी त्याच्या हातात दिली. दफनभूमीतून परत येताना बाबा त्याच्याजवळ गेले, काही म्हणायला तोंड उघडलं. उलिसेसनं हात वर केला. "बाल्दोमेरो, नको. तू बोललास की काहीतरी मोडतं."

त्यानंतर बाबा फार कमी बोलत. थकल्यावर माझ्याकडेच राहायला आले. एकदा आम्ही दोघं ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. शेजारच्या घरी 'दाराला दार' लागली. बाबा एरवी उठून आत जायचे, त्या दिवशी गुडघे दुखत होते म्हणून बसून राहिले. मी शेवटी बोलले. "बाबा, मी तुम्हाला त्या दिवशी ढकलायला नको होतं. स्टुडिओचं बोलले तेही. माझ्यामुळे झालं ते."

"तुझ्यामुळे नाही," बाबा म्हणाले. "तू सांगितलंस म्हणून मी नाही गेलो. मला ते अंगावर नको झालं होतं. कुठंतरी टाकून यायचं होतं."

"मग हलकं वाटलं का?"

त्यांनी शेंग सोलली, दाणे टोपल्यात टाकले. "त्या रात्री दहा तास झोपलो. तीन वर्षांनी पहिल्यांदा. तिकडे आउरेआवहिनी रडत होत्या, उलिसेस फोन धरून बसला होता, आणि मी घोरत होतो. तुझी आई सांगायची ना तुला?"

आई मला कधी असं बोलली नव्हती. पण मला आठवत होतं. त्या रात्री मी शेजारच्या खोलीत होते, ते घोरणं ऐकलं होतं आणि मनात म्हटलं होतं, बघ, मी बरोबर होते.

पलीकडे गाण्याचा आवाज कोणीतरी मोठा केला. मी बाबांच्या मांडीवरची सालं गोळा केली आणि तुरी शिजायला घालायला आत गेले.